नऊ नंबरच्या पुढची जागा

सगळे मैदान हसले तेव्हा मास्तर हसला नाही, एवढीच ती गोष्ट; आणि ती त्याच्याखेरीज कोणाच्या ध्यानातही आली नाही. पाहुण्या रग्बी संघाचा नऊ नंबरचा खेळाडू, स्क्रमच्या, म्हणजे खांदे भिडवून एकमेकांना रेटणाऱ्या गड्यांच्या घोळक्याच्या, मागे उभा राहून चेंडू उचलून देणारा तो आखूड मानेचा चपळ पोरगा, गुडघे टेकून गवतात काहीतरी शोधत होता. दोन्ही हातांनी गवत विंचरीत होता. रेफ्रीने खेळ थांबवला, जोडीचे दोघे त्याच्याबरोबर वाकून शोधू लागले, आणि मग त्यांतल्या एकाने मान वर करून त्याच्या तोंडाकडे बोट केले. दातांवर चढवायचे जे रबरी कवच तो गवतात शोधत होता ते त्याच्या दातांवरच होते. पोराने जिभेने चाचपून पाहिले आणि हात वर करून सगळ्यांची माफी मागितली. मोठ्या पडद्यावर ते दिसताच कडेपासून कडेपर्यंत हशा पसरत गेला. पत्रकारांच्या कक्षात शेजारचा बातमीदार म्हणाला, "मास्तर, काखेत कळसा म्हणतात तो हाच बरं का." मास्तरला मात्र, जिना संपला आहे असे समजून टाकलेले पाऊल आणखी एक पायरी खाली जावे, तसे झाले.

त्याला मास्तर म्हणत ते गुण देण्यावरून. शाळेत त्याने कधी शिकवले नव्हते. आंतरराष्ट्रीय सामना झाला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याचे मूल्यमापन येई. दोन्ही संघ, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दहापैकी गुण, आणि खाली दोन वाक्ये. तिसरे वाक्य त्याने कधी लिहिले नाही. जे दोन वाक्यांत मावत नाही ते लिहिणाऱ्यालाच नीट कळलेले नसते असे त्याचे मत होते, आणि ते मत तो कोणाशीही, कोठेही, चहा थंड होईपर्यंत भांडून सिद्ध करी. वाक्याला दोन बाजू असाव्यात, दोन्ही बाजूंना वजन असावे आणि काटा मध्ये थांबावा, अशी जुन्या गद्यावर पोसलेली त्याची समजूत होती. आपल्या आणि परक्या संघाला त्याने तोच काटा लावला, आणि त्यावरून शिव्याही पोटभर खाल्ल्या. मागे एकदा स्वदेशाच्या कर्णधाराला साडेतीन गुण दिले तेव्हा कोणीतरी रात्रीतून दारावर कुजकी अंडी फोडून गेले होते. ती टीका मुद्द्याला धरून नाही, असे त्याने बायकोला समजावून सांगायला घेतले. बायकोने फडके त्याच्या हातात दिले.

हशाच्या थोडे आधी जे घडले ते बहुतेकांनी पाहिले होते आणि पाहून सोडून दिले होते. यजमान संघाचा सर्वांत धिप्पाड गडी चेंडू छातीशी धरून मुसंडी मारत आला, नऊ नंबरने त्याच्या पायांवर झेप घेतली, आणि गुडघा त्याच्या कानशिलाच्या वर बसला. गडी आडवा झाला. पण त्याला आडवा पाडणाराही, दोरीवरून ओले कापड सुटून पडावे तसा, खाली गेला. पाहुण्यांचा डॉक्टर धावत आला, वाकून काही विचारले, पोराने तडातड उत्तरे दिली, डॉक्टरने पाठ थोपटली. संशय असेल तर खेळाडूला आत नेऊन तपासायचे असा नियम आहे. डॉक्टरला संशय आला नाही. मग ते गवत विंचरणे. आणि त्यानंतर, ज्याने मास्तरला खुर्चीत धड बसू दिले नाही ते असे, की तो पोरगा जन्मात खेळला नसेल असे खेळला. चेंडू त्याच्या हातून अर्धा श्वास आधीच निघत होता. कोण कोठे आहे हे पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागत नव्हती. शेवटी हरल्यासारखा वाटणारा सामना त्याने एकट्याने फिरवला. दोघांच्या मधून निसटून, तिसऱ्याला नुसत्या खांद्याच्या लचकीने चुकवून, चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ट्राय केला, आणि उठला तो आनंदाची एक रेघही तोंडावर न उमटता. त्याला उचलून घेणारे हसत होते, रडत होते. तो त्यांच्या खांद्यांवरून समोर कोठेतरी पाहत होता. त्या पाहण्यात कोणी नव्हते.

हे रिकामे पाहणे मास्तरच्या ओळखीचे होते. असेच त्याचा थोरला भाऊ, दादा, पाहायचा. एका दुपारी, वेगळ्या मैदानावर, आज यजमानांच्या अंगावर होता त्याच रंगाच्या, देशाच्या सदऱ्यात. त्या दिवशी तो स्वतः वडिलांच्या शेजारी बसला होता. दादा कशावर तरी आपटला, उठला, आणि धावत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत, त्यांच्यातलाच एक होऊन, उभा राहिला. मग त्या संघातल्याच एकाने त्याचे खांदे धरून त्याला अलगद उलटे वळवले. लोक हसले, वडील मांडीवर थाप मारून हसले. त्यानंतर दादा असा खेळला की त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या गर्दीत दादाने वडिलांच्या कानाशी लागून विचारले, की आपण जिंकलो का? वडिलांनी हा किस्सा पुढे कित्येक वर्षे पाहुण्यांना रंगवून रंगवून सांगितला. आमचा थोरला खेळात इतका बुडतो म्हणून. आता दादा हातात पाण्याचा पेला धरून घरभर पेला शोधतो. वहिनी म्हणते, "हातातच आहे की हो," आणि पुन्हा थोड्या वेळाने म्हणते, त्याच आवाजात, कपाळाला आठी न घालता. शेजारणीने कधी हळहळ केली तर वहिनी हसून सांगते, की आमच्या घरात वस्तू काही हरवत नाही, माणूस तेवढा हरवलाय. दादाचे ते पाहणे त्या दुपारी सुरू झाले की पुढच्या कुठल्या, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. पण शोधणाऱ्याच्या हातात वस्तू असते आणि हाताला ते ठाऊक नसते, हे ज्याने रोज जेवणाच्या टेबलाशी पाहिले आहे त्याला ते मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते.

एकोणतीस जणांचे गुण मास्तरने कार्यालयात पाठवले. तिसाव्याच्या पुढे हात चालेना. क्रीडा विभागाची प्रमुख त्याच्यापेक्षा बरीच लहान होती, पण त्याला मास्तर म्हणण्यात तिच्याइतका आनंद दुसऱ्या कोणाला होत नसे. तिचा फोन आला. "नवरदेवालाच घरी ठेवून वरात काढताय होय? अहो, लोकांना त्याचंच तर वाचायचंय." त्याने थोडा वेळ मागितला. आजवर त्याने वेळ मागितला नव्हता, त्यामुळे बरे आहे ना, असे तिने विचारले. बरे होते. नुसत्या खेळाकडे पाहून साडेनऊ द्यायला हवे होते. इतके त्याने आजवर कोणाला दिले नव्हते. साडेनऊ लिहायचे, आणि पोराने पुढच्या शनिवारी, मालिकेच्या दुसऱ्या आणि शेवटच्या सामन्यात, तेच डोके घेऊन पुन्हा कोणाच्या तरी गुडघ्याखाली शिरायचे. किंवा जे पाहिले ते लिहायचे. पण काय पाहिले? एका माणसाने गवतात हात फिरवला, हे पाहिले. बाकीचे अनुमान, आणि अनुमानाला छापील अक्षरांत जागा नाही असे त्याने इतरांना किती वेळा सुनावले होते. शिवाय हे अनुमान कोणाचे? हरलेल्या देशाच्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याचे. विजयी संघातला एकच खेळाडू पुढच्या सामन्यातून गळला तर ज्यांचा फायदा व्हायचा, त्यांच्यापैकी एकाचे. दुसऱ्या कोणी असे लिहिले असते तर त्याने स्वतःच त्याची सालटी काढली असती. पूर्वपक्ष इतका भक्कम उभा राहिला की उत्तरपक्षाला उठून बसायला बळ येईना. मग त्याने कोट चढवला आणि पाहुणा संघ उतरला होता त्या हॉटेलात गेला.

शेजारचाच देश, भाषा एकच, हेल तेवढा वेगळा. त्यांचा डॉक्टर तळमजल्याच्या बोळात भेटला. त्याने ऐकून घेतले, मग मास्तरच्या कोटाची कॉलर मायेने सरळ केली आणि म्हणाला, "तुमचा संघ हरला की तुम्हाला आमच्या पोरांच्या तब्येतीची आठवण येते, नाही?" पुढे त्याने सांगितले, की मैदानावर विचारायचे ते सगळे विचारले, उत्तरे चोख आली, आणि रबर शोधण्याचे म्हणाल तर त्याची स्वतःची बायको कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधते, तिलाही संघातून काढायचे का? यावर देण्याजोगे उत्तर मास्तरजवळ होते, पण ते दादावरून जात होते, आणि दादाला त्या बोळात, त्या हसऱ्या माणसापुढे, साक्षीला उभे करणे त्याला जमले नाही. तो परत फिरला. दारापाशी मागून हाक आली, "काका."

नऊ नंबर होता. अंगावर संघाचा जाड सदरा, हातात टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. तो डोक्याला लावायचा सोडून त्याने नुसताच हातात धरला होता. मैदानावर दिसे त्याहून लहान वाटत होता. त्याने मास्तरला बाजूच्या खोलीत नेले, जेथे ओल्या बुटांच्या पिशव्या भिंतीशी रचल्या होत्या आणि माती, घाम आणि मलमाचा तो वास होता, जो दादाच्या खोलीच्या दाराशी एके काळी यायचा. पोरगा अदबीने बोलत होता. आमच्याकडेही तुमचे लिखाण वाचतात म्हणाला. आई म्हणते, त्या माणसाने सहा दिले तर दुसऱ्याचे आठ समजायचे. मग थांबून म्हणाला, डॉक्टरांनी सांगितले की तुम्ही माझ्याबद्दल विचारत होता.

"उत्तरार्धात वारा कोणत्या अंगाने होता?" मास्तरने विचारले.

"डावीकडून." उत्तर तत्काळ आले.

"आज वारा नव्हता. झेंडे काठीला चिकटून होते."

पोरगा हसला, आणखी थोडा हसला, मग हसायचा थांबला. टॉवेलातून पाणी ठिबकत होते, त्याने तो दुसऱ्या हातात घेतला. मग तो आपण होऊनच सांगू लागला, की डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले असतात. मैदान कोणते, मागचा सामना कोणाशी झाला, आता पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध. खेळाडू ते उतरण्याआधीच पाठ करतात. बसमध्ये एकमेकांना विचारतात, गमतीने. गुण किती झाले तेवढे फलकावर पाहून घ्यायचे असतात. आज पडल्यावर डोळे उघडले ते आधी फलक कोठे आहे ते शोधायलाच. म्हणजे, तसेच केले असेल. दर वेळी तसेच करतात.

"म्हणजे तुला आठवत नाही."

"उजव्या कोपऱ्यात उभा होतो, ते आठवतं. मग एकदम गरम पाणी. अंघोळ. मधलं मी फोनवर पाहिलं." तो खाली बुटांच्या पिशव्यांकडे पाहू लागला. "काका, तो शेवटचा ट्राय. तो मीच ना?"

"तूच."

"चांगला खेळलो का मी? सगळे म्हणतात, जन्मात एकदाच असा सामना होतो. फोनवर नुसते तुकडे आहेत. तुम्ही पहिल्यापासून सांगा ना."

आणि दोन वाक्यांपलीकडे कधी न गेलेल्या त्या माणसाने त्याला सामना सांगितला. सुरुवातीचे दोन चुकलेले पास सांगितले, कारण चूक गाळली असती तर पुढचे खरे वाटले नसते. धक्का सांगितला, गवत सांगितले, आणि मग तो उत्तरार्ध, ज्यात चेंडू हातात येण्याआधीच तो कोठे जायचा ते जणू ठरलेले होते. मैदानाच्या कोणत्या भागात सावली आली होती, त्याच्यावर धावून आलेला गडी कोणत्या पायावर उभा होता म्हणून फसला, तेही सांगितले. बोलता बोलता त्याला स्वतःच्याच आवाजाचे नवल वाटले. त्या आवाजात काटा नव्हता, वजने नव्हती. एखाद्या मुलाला त्याच्या लहानपणची गोष्ट सांगावी तसा तो सांगत होता. पोरगा तोंड किंचित उघडे ठेवून ऐकत होता, आपल्या घराण्यातल्या कोणा थोर माणसाचा पराक्रम ऐकावा तसा. अभिमानाने, पण जरा लांबून. ट्रायपाशी कथा संपली तेव्हा त्याने एक निःश्वास सोडला.

"किती देणार?"

"गुण देणार नाही. का दिले नाहीत ते लिहीन."

पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. चार मोसम तो राखीव बाकावर बसून होता, पुढच्या माणसाचा खांदा निखळला तेव्हा कोठे त्याला जागा मिळाली होती. हे मास्तरला ठाऊक होते आणि पोरालाही ते सांगायची गरज वाटली नाही. त्याने एवढेच म्हटले, की पुढचा शनिवार माझा आहे. मास्तरने विचारले, की असे पूर्वी किती वेळा झाले. पोराने त्याच्याकडे रोखून पाहिले. "सांगितलं तर छापाल?" नाही छापणार, मास्तर म्हणाला. "तरी नाही सांगत." आणि मग, आवाज न चढवता, "लोक म्हणतील तुमचा संघ हरला म्हणून हे काढलंत. म्हणतील ना? आणि काका, तुम्हाला तरी काय ठाऊक, तुम्ही त्यासाठीच करत नाही आहात ते?"

आयुष्यभर वादात कोणाला हार न गेलेल्या मास्तरला त्या वासाच्या खोलीत दिसले, की प्रश्न बरोबर आहे. दुपारी शेवटच्या क्षणी ट्राय झाला तेव्हा त्याच्या काळजात जे तुटले ते प्रेक्षकाचे होते, परीक्षकाचे नव्हते. आणि पुढच्या शनिवारी हा पोरगा मैदानात नसेल या विचाराबरोबर दादाची आठवण, भीती, दया यांच्या मागे मागे, कोणाच्या पायात न येता, एक सुटकेचा लहानसा श्वासही आत शिरला होता. तो त्याने ओळखला. त्याला हाकलता येईना. स्वच्छ हेतू हाती येईपर्यंत थांबायचे तर शनिवार येऊन जाईल, इतकेच त्याला कळत होते. म्हणून त्याने खरे ते सांगितले. "नाही ठाऊक," तो म्हणाला. पोराने मान हलवली, जणू एवढे तरी उत्तर त्याला पटले. उठताना त्याने ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दाराशी जाऊन थांबला.

"तो ट्राय तेवढा परत एकदा सांगा."

त्याने पुन्हा सांगितला.

अंकात नऊ नंबरच्या पुढची जागा कोरी गेली आणि खाली दोनच वाक्ये गेली. पहिल्यात जे दिसले ते होते, दुसऱ्यात या खेळाडूला पुढच्या सामन्यापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञाने तपासावे अशी मागणी. दादाचा उल्लेख नव्हता, वाऱ्याचा नव्हता, बसमध्ये पाठ करायच्या उत्तरांचाही नव्हता. प्रमुख बाईने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, की मास्तर, उद्या तुमची पूजा बांधतात की मोडतात ते बघू. पूजा बांधली. ज्यांनी दारावर अंडी फोडली असतील तेच आता रस्त्यात थांबवून डोळा मारू लागले. एकच ओळ लिहून अख्खा संघ लुळा केलात की, असे म्हणू लागले. पाहुण्यांचा प्रशिक्षक कॅमेऱ्यापुढे म्हणाला, की मैदानावर जे जमले नाही ते यांनी शाईने केले. पण बोभाटा इतका झाला की बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागला, आणि त्याने पोराला सामन्याबाहेर बसवले. अहवाल त्यांनी जाहीर केला नाही. खुलासा म्हणून मास्तरने एक लेख लिहिला, मुद्देसूद, प्रत्येक आक्षेपाला उत्तर देणारा. तो वाचून लोकांनी त्याच्या धूर्तपणाची आणखीच तारीफ केली. वहिनीने मात्र पहिले मूल्यमापन कात्रीने कापून ठेवले होते. दादा खिडकीशी बसला होता, तिने हलक्या आवाजात विचारले, की हे यांच्यावरून सुचले ना? त्याने होय म्हटले. ती बराच वेळ दादाच्या सदऱ्याचे बटण चाळवीत राहिली. "भाऊजी, तेव्हा कोणी असं लिहून यांना घरी बसवलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी त्या मेल्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या."

शनिवारी यजमान संघ जिंकला, सहज जिंकला. नऊ नंबरच्या जागी आलेल्याला चेंडू सावरेना आणि पाहुण्यांची सगळी घडी विसकटली. मध्यंतरापासूनच पत्रकारांच्या कक्षात लोक मास्तरच्या पाठीवर थाप मारून जात होते; सामनावीर येथे बसलाय म्हणत होते. त्याने कठड्याशी जाऊन खाली पाहिले. हरलेला संघ रिवाजाप्रमाणे दोन रांगांत उभा राहून मधून जाणाऱ्या विजेत्यांसाठी टाळ्या वाजवत होता, आणि रांगेच्या शेवटी, साध्या कोटात, तो पोरगा होता. विजेते निघून गेले. हात खाली आले, रांगा मोडल्या, लोक पाठी वळवून बोगद्याकडे चालू लागले. पोरगा वाजवतच राहिला. त्याच लयीत, समोरच्या मोकळ्या गवताकडे दादासारखे रिकामे पाहत. जोडीच्या एकाचे लक्ष गेले. तो परत आला आणि वाजत्या भांड्यावर तळवा ठेवून त्याचा नाद थांबवावा तसा त्याने आपला हात त्या दोन हातांवर ठेवला. पोराने हातांकडे पाहिले. मास्तरच्या ओठांवर एक वाक्य आले, तोल नसलेले, एकाच बाजूचे, त्या पोराच्या बाजूचे, आणि ते ऐकायला कोणी आहे का म्हणून तो मागे वळला. तोवर शेजारच्या बातमीदाराने त्याचा हात दोन्ही हातांत धरून, अभिनंदन, मास्तर, अभिनंदन म्हणत, जोरजोराने हलवायला सुरुवात केली होती.